हत्यारांची पेटी बाळगणारा गवई

बेळगावहून पुण्याकडे जाणारी गाडी सुळेभावी, घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, कुडची अशी स्टेशने मागे टाकत कृष्णा ओलांडते आणि मिरजेला येऊन थांबते. आम्हा निपाणीकडच्या लोकांना मिरज इचलकरंजीच्या वाटेने बसनेही सोपी. सीमाभागातल्या आपल्या मंडळींची मिरजेला ये-जा बहुधा दोन कारणांनी, दवाखाना आणि लग्नाची सोयरीक. तिसरे एक कारण आहे, ते ज्याच्या घरात तंबोरा किंवा सतार आहे त्यालाच ठाऊक असते. तार तुटली, भोपळ्याला तडा गेला, जवारी बसली, की वाद्य गोधडीत गुंडाळून मिरजेच्या सितारमेकर गल्लीत न्यायचे. याच मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे.

किराणा घराण्याचे थोर गायक म्हणून खाँसाहेबांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी गाण्यातला जाणकार नव्हे. सरकारी नोकरीत तारा, फ्यूज आणि मीटर यांच्याशी माझा संबंध. त्यामुळे त्यांच्या चरित्रात मला पहिल्यापासून ओढ वाटली ती एका गोष्टीची. हा माणूस नुसता गात नव्हता, वाद्ये दुरुस्तही करायचा. तंबोऱ्याची घोडी घासणे, जवारी लावणे, सैल खुंटी बसवणे ही कामे ते स्वतःच्या हातांनी करत आणि त्यासाठी लागणारी हत्यारे जवळ बाळगत.

त्यांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. कुरुक्षेत्र-पानिपतच्या पट्ट्यातले, यमुनेजवळचे हे गाव. त्याच्याच नावाचा अपभ्रंश होऊन किराणा हे घराण्याचे नाव झाले. वाण्याच्या किराण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मला चहा पिता पिता समजावून सांगावे लागले होते. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून तालीम मिळाली. घर गवयांचे आणि सारंगियांचे. लहानपणी सारंगी हातात आली, पुढे बीनही. सारंगीवर पडदे नसतात, नखाच्या कडेने तार अडवून सूर शोधावा लागतो. बोट केसभर सरकले की सूर गेला. ज्याच्या बोटांना लहानपणी ही शिस्त लागली, त्याचा कान पुढे केवढा तीक्ष्ण झाला असेल याची कल्पना करावी.

तरुणपणी ते बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या दरबारात आले. तिथे सरदार घराण्यातल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचे मन जुळले. ताराबाईंच्या आई हिराबाई मूळच्या गोव्याच्या. धर्म वेगळा, दर्जा वेगळा, दरबाराचा रोष ठरलेला. दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली. राजाश्रय गेला. पुढची सगळी वर्षे जलसे, तिकिटे, संस्थानिकांची आमंत्रणे आणि रेल्वेचा प्रवास यांत गेली.

त्या काळी आपला हा मुलूख म्हणजे गाण्याचे आगरच होते. इचलकरंजीला बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी आणून रुजवलेली. विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच मिरजेत शिकले. कोल्हापुरात अल्लादिया खाँ. कुरुंदवाडला रहिमत खाँ, ज्यांना विष्णुपंत छत्र्यांनी आपल्या सर्कशीबरोबर गावोगाव फिरवले. या रहिमत खाँच्या गाण्याचा करीम खाँवर मोठा परिणाम झाला असे जाणकार सांगतात. निपाणीहून नकाशावर एक वर्तुळ काढले तर यातले बहुतेक सगळे त्यात येतील. आज आपण कर्नाटक-महाराष्ट्र म्हणतो, तेव्हा पटवर्धनांची, घोरपड्यांची छोटी छोटी संस्थाने एकमेकांत गुंतलेली होती. धारवाडजवळचे कुंदगोळसुद्धा जमखंडीच्या पटवर्धनांकडे होते.

खाँसाहेब मिरजेत स्थिरावले त्यामागे एक आख्यायिका सांगितली जाते. प्लेगच्या साथीत ते आजारी पडले, मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी सेवा केली आणि बरे झाले. त्यानंतर दर वर्षी उरुसाला दर्ग्यात हजेरी लावण्याचा नेम त्यांनी पाळला. त्यांची मुलगी चंपाकली 1905 साली मिरजेतच जन्मली. तिला आपण हिराबाई बडोदेकर म्हणून ओळखतो.

पण मला वाटते, दर्ग्याइतकीच मिरजेची दुसरी ओढही त्यांना असणार. तंबोरे! परंपरेने असे सांगतात की 1850 च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने मिरजेत तंतुवाद्ये करायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारा. लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा त्याच हातांनी लाकूड आणि भोपळा धरला. पंढरपूरच्या बाजूला भीमाकाठी पिकणारे कडू भोपळे वाळवून आणायचे, तुणीच्या लाकडाची तबली आणि दांडी करायची, वर खुंट्या, खाली घोडी. आजही पद्धत तीच आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याला मुळात हे कारागीर कारण.

यातली घोडी म्हणजे सगळ्या तंबोऱ्याचा जीव. गिटारची किंवा व्हायोलिनची घोडी कडेला अरुंद असते, तार एका रेघेवर टेकते आणि संपते. तंबोऱ्याची घोडी चपटी, रुंद आणि अगदी किंचित उतरती. तार कंप पावू लागली की त्या उताराला घासत, सुटत, पुन्हा घासत जाते. त्यात बारीक दोरा सरकवायचा. दोरा एका ठरावीक जागी आला की आवाज एकदम उघडतो, भरून येतो. तीच जवारी. उतार कानशीने आणि काचकागदाने केसाच्या अंशाने काढावा लागतो. जास्त घासला की आवाज फाटतो, कमी घासला की बोथट राहतो. मोजपट्टी इथे उपयोगाची नाही, कानच मोजपट्टी.

याचे शास्त्र सर सी. व्ही. रामन यांनी 1921 साली कलकत्त्यातून प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. साधा नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा कंप शून्य असतो तो उपस्वर निघतच नाही. बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर मुका राहायला हवा. तंबोऱ्यात तो मुका राहत नाही! घोडीच्या त्या उतारामुळे सगळे उपस्वर जागे होतात. म्हणून तर पंचम आणि षड्ज एवढ्याच तारा लावलेल्या असताना चांगल्या तंबोऱ्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. तो कुणी वाजवत नाही, खर्जाच्या तारेचा तो पाचवा उपस्वर असतो. खाँसाहेबांचे सारे गाणे या न वाजवलेल्या गंधारावर उभे होते म्हटले तरी चालेल. ज्याला गाताना तोच सूर हवा, त्याला दुसऱ्याने लावलेल्या जवारीवर विसंबून कसे चालेल? हत्यारांची पेटी त्यासाठी.

आता एक सरकारी माणूस या गोष्टीत येतो, आणि मला त्याच्याविषयी विशेष जिव्हाळा आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल. हे सांगलीचे, डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. पेन्शन घेऊन देवळात जाऊन बसण्याऐवजी त्यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडायला घेतला. ग्रंथातल्या श्रुती प्रत्यक्ष गळ्यात कुठे असतात हे त्यांना आकड्यांत हवे होते. त्यासाठी अचूक कानाचा गवई पाहिजे होता आणि तो त्यांना करीम खाँसाहेबांत मिळाला. त्या काळी उस्ताद लोक आपली विद्या कुणाला मोजू देत नसत. चीजसुद्धा पुरी सांगत नसत. खाँसाहेब मात्र देवलांच्या प्रयोगांना गायले, वाजवले. देवलांचे इंग्रजी पुस्तक 1910 साली निघाले. इ. क्लेमेंट्स नावाचे आय.सी.एस. न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले आणि या हिशेबाबरहुकूम श्रुती हार्मोनियम लंडनला मूर यांच्याकडून बनवून घेण्यात आली.

भानगड काय होती ते थोडक्यात सांगतो. आपली पेटी बारा सूर सारख्या अंतरावर ठेवते. या मोजणीत एका सप्तकाचे 1200 भाग धरले तर पेटीचा शुद्ध गंधार 400 वर येतो. तंबोऱ्यातून आपोआप निघणारा गंधार 386 वर असतो. चौदा भागांचा फरक. माझ्या-तुमच्या कानाला तो पटकन कळणार नाही, पण खाँसाहेबांसारख्याला तो दाताखाली खडा आल्यासारखा लागणार. श्रुती हार्मोनियममध्ये ही अंतरे सुधारलेली होती. 1916 च्या मार्चमध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे हा विषय चर्चेला आला आणि गाजला. भातखंडे विरुद्ध बाजूला. परिषदेत श्रुतींचे हे गणित मान्य झाले नाही.

माझ्या मते दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर होते. देवलांचे गणित चुकले नव्हते. पण गवई सुरावर उभा राहत नाही, सुराकडे जातो, येतो, त्याला हेलकावे देतो. पेटीची पट्टी जागच्या जागी खिळलेली असते. बावीस पट्ट्या केल्या काय आणि बेचाळीस केल्या काय, खिळा तो खिळाच.

हे मला पुस्तकातून जेवढे समजले त्याहून जास्त एका गिटारने समजावले. तिथे जरा वळतो. 1931-32 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला जॉर्ज बोशॅम्प आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी विजेवर चालणारी पहिली गिटार बाजारात आणली. ॲल्युमिनियमची ओतीव, गोल लहानसे अंग आणि लांब दांडा. लोक तिला तळायचा तवा म्हणू लागले आणि तेच नाव पडले. मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडी सरकवत ती वाजवतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी तशीच एक घरी केली. अंगाला सागवानी फळी, जुन्या रिलेमधली केसासारखी तांब्याची तार घेऊन सहा हजार वेढ्यांचे कॉइल, खाली चुंबक. पोलादी तार चुंबकाजवळ हलली की कॉइलमध्ये बारीकसा प्रवाह निर्माण होतो आणि तोच ॲम्प्लिफायरमध्ये मोठा होतो. सौ. ने त्या वस्तूला पोळपाट हे नाव ठेवले आणि घरात तेच चालते.

गिटारचे पडदे बसवण्याचे गणित ठरलेले आहे. उरलेल्या लांबीला 17.817 ने भागायचे, तिथे पडदा. 25 इंची तार असेल तर पहिला पडदा मेरूपासून 1.403 इंचावर. पुन्हा उरलेल्या लांबीला भागा, दुसरा पडदा. कॅल्क्युलेटर असला की अर्ध्या तासाचे काम. पण हे सगळे पेटीचे सूर, चौदा भाग चढलेला तोच गंधार. कांडी सरकवून वाजवले तर पडदे नुसते खुणेपुरते उरतात, सूर हवा तिथे मिळतो आणि मींडही येते. आपल्या लोकांनी रागदारीसाठी ही आडवी गिटारच का उचलली ते तेव्हा नीट कळते. मी तिला मिरजेहून आणलेली चपटी घोडी बसवून दोरासुद्धा घातला. गिटारवाले ज्या झंकाराला दोष म्हणून तार वर उचलतात, तोच आपल्याला हवा असतो. एक मौज मात्र सांगायला हवी. तंबोऱ्याची खर्जाची पितळी तार त्या चुंबकी कॉइलला ऐकूच येत नाही. त्याला फक्त पोलाद समजते.

असो. मूळ गोष्टीकडे येऊ.

1913 साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. विद्यार्थी घरच्यासारखे ठेवायचे, जेवू घालायचे, आणि खर्च भागवायला जलसे करायचे. ताराबाई सगळा संसार ओढत होत्या आणि पाची मुले गात होती. बाहेरून पाहणाऱ्याला दृष्ट लागावी असे घर. याच काळात त्यांनी टिपू नावाचा कुत्रा पाळला आणि त्याला सुरात सूर मिळवायला शिकवले. त्याचा प्रयोग लोकांसमोरही केला. काही थोरामोठ्यांना हा पोरकटपणा वाटला. मला यात तोच घोडी घासणारा माणूस दिसतो, जो समोरची वस्तू सुरात येईल का हे करून बघितल्याशिवाय राहत नाही.

पण 1922 साली ताराबाई मुलांना घेऊन घराबाहेर पडल्या. कारणे अनेकांनी अनेक सांगितली आहेत, दोघेही आज नाहीत, आपण त्यात पडू नये. जे घडले ते एवढे की मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई, गुलाबच्या कमलाबाई, अब्दुल हमीदचे कृष्णराव आणि धाकट्या सकीनाच्या सरस्वती, पुढे सरस्वतीबाई राणे. बापाचे नाव एकाच्याही पुढे राहिले नाही. सुरेशबाबू-हिराबाईंना पुढची तालीम मिळाली ती वहीद खाँसाहेबांची, म्हणजे करीम खाँच्या पहिल्या पत्नीच्या भावाची. तरीही सुरेशबाबूंची जुनी ध्वनिमुद्रिका लावा, पहिल्या आलापाला बाप ओळखू येतो. वीणा तुटली तरी जवारी पोरांच्या गळ्यात राहिली होती. हिराबाईंनी पुढे तिकीट लावून, रंगमंचावर बसून, प्रतिष्ठेने गाण्याचा मार्ग आपल्याकडच्या बायकांना खुला केला.

खाँसाहेब पुणे सोडून मिरजेला परतले. शरीर आधीपासूनच किरकोळ, बोलणे हळू, राहणी साधी. आता प्रवास वाढला आणि तो दक्षिणेकडे. हुबळी, धारवाड, म्हैसूर, मद्रास. म्हैसूरच्या दरबाराने त्यांना संगीतरत्न ही पदवी दिली. कर्नाटक संगीत त्यांनी परके मानले नाही. त्यागराजांच्या कृती शिकले, त्यांची ध्वनिमुद्रिका दिली, आणि सरगम घेण्याची तिकडची रीत आपल्या ख्यालात आणली. उत्तरेतल्या दुसऱ्या कुठल्या उस्तादाने तोवर हे केले नव्हते.

कुंदगोळचे रामचंद्र गणेश सौंशी त्यांचे शिष्य झाले ते याच रेल्वेमार्गाच्या कृपेने. कुंदगोळच्या नाडगीरांच्या वाड्यात खाँसाहेबांचा मुक्काम असे. हा कानडी मुलगा पुढे मराठी रंगभूमीवर गेला, गुरूला ते फारसे रुचले नाही, पण नाव मिळाले ते सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हनगल आल्या. करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून गदगचा एक मुलगा घर सोडून गुरू शोधायला पळाला आणि हिंडून हिंडून शेवटी सवाई गंधर्वांपाशीच कुंदगोळला पोचला. ते भीमसेन जोशी. उत्तरेतून आलेल्या मुसलमान उस्तादाची गायकी मराठी मुलखात रुजली आणि कानडी गळ्यांतून पुन्हा मराठी माणसाच्या घरी आली. आपल्याकडे या गोष्टीचे कुणाला नवल वाटत नाही, कारण आपल्या घरातही चुलत्याची एक सून कानडी आणि आत्याचे घर कोल्हापूरला असतेच.

त्या ध्वनिमुद्रिकांविषयी. शतकाच्या सुरुवातीला, 1905 च्या आसपास, ते पहिल्यांदा भोंग्यासमोर गायले. तेव्हा वीज नव्हती. आवाजाच्या जोरानेच पडदा हलायचा आणि सुई मेणात रेघ काढायची. ज्याचा आवाज भरदार तो त्यात टिकायचा. खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार, हळुवार. पुढे 1925 नंतर मायक्रोफोन आला आणि 1934-35 च्या सुमारास ओडियन कंपनीने त्यांचे गाणे विजेच्या यंत्रावर मुद्रित केले. झिंझोटी, भैरवी आणि देवगंधारातले मानापमान नाटकातले पद ही सगळी त्याच वेळची. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. तासभर एक राग आळवणाऱ्या गवयाने त्या तीन मिनिटांत घाई केलेली नाही. सूर लागतो, थांबतो, आणि मागे तंबोराही ऐकू येतो. भोंग्याला तो कधी ऐकू आला नसता.

या तबकड्या गावोगाव चहाच्या हॉटेलांत, वकिलांच्या माड्यांवर वाजू लागल्या. सुळेभावीला जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा पोरगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवू लागला, ते कुमार गंधर्व. म्हणजे तोही याच लोहमार्गावरचा.

1937 च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासला होते. तिथून पाँडिचेरीला श्री अरविंदांच्या आश्रमात गायला जायचे ठरले. रात्रीच्या गाडीने निघाले. वाटेत छातीत दुखू लागले, तेव्हा मद्रासच्या दक्षिणेला सुमारे 50 किलोमीटरवर असलेल्या सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्टेशनावर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर बिछाना घातला. त्यांनी तंबोरा मागवला, लावून घेतला, नमाज पढले आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना गायली. तिथेच त्यांचा श्वास थांबला. ती 27 ऑक्टोबरची तारीख. पासष्ट वर्षे पूर्ण व्हायला पंधरा दिवस होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत बोशॅम्पला त्या तव्यासारख्या गिटारचे पेटंट मिळाले होते.

त्यांचा देह मिरजेला आणला आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केला. दर वर्षी उरुसाच्या वेळी तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, रात्र रात्र गाणे चालते, आणि गायक जातीधर्म न बघता येतात. तिकीट नाही, बिदागीची घासाघीस नाही. बेळगाव-निपाणीकडची रसिक मंडळी डबे बांधून जातात. सभेच्या आधी पडद्यामागे तंबोरे लावणे चाललेले असते, आणि गल्लीतला कुणी सितारमेकर हातात बारीक कानस घेऊन जवळ बसलेला असतो, कुठल्या जवारीने दगा दिला तर.